दार लावलं की फळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारावर लिहिणं. शनिवारची दुपार होती. बायको खुर्चीत बसून एकेक अक्षर सांगत होती, मी खडूनं काढत होतो. तिला बारीक दिसेना झालं तेव्हापासून हे काम माझ्याकडं आलेलं. मी चौथीवाला, हयात ट्रकवर गेली.

"आवं, डीचं पोट तिकडं न्हाई, हिकडं. बी झाला की त्यो!"

"मग दिसतंय की तुला!"

"चुकल्यालं तेवढं दिसतं मला..."

रहिमतपुरात सगळे तिला बाई म्हणायचे. शाळेतनं रिटायर झाल्यावर ती घरीच बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायची. फळा नव्हता, म्हणून मी सोप्याच्या दाराच्या दोन्ही फळ्या आतनं काळ्या रंगवून दिल्या. दार लावलं की फळा. तास चालू असला की मी बाहेर कट्ट्यावर. डाव्या फळीवर इंग लागणारी क्रियापदं, उजव्या फळीवर टू लागणारी. कुणी कुठं जायचं हे ठरवतं कोण, असं मी एकदा विचारलं. "कुणीच न्हाई, पाठ करायचं," म्हणाली. मी म्हणालो, "मग ही सोयरीकच झाली की. पोरगी कुठल्या घरात नांदंल, त्याला काय कारण असतंय?" लय हसली. ती सांगलीकडची, शिकलेली, आणि दिली मला... दुसऱ्या दिवशी पोरांना हेच सांगत होती. मी कट्ट्यावरनं ऐकलं.

त्या शनिवारी नवीन धडा होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना नुसतं म्हणाला, म्हणाला करायचं नाही. कबूल केलं, नाकारलं, वचन दिलं, असं नेमकं सांगायचं. पहिली दोन डावीकडं, वचन उजवीकडं. त्याखाली रिफ्यूज काढत होतो. तीन अक्षरं झाली आणि ती म्हणाली, "थांबा जरा... दम लागलाय."

साताऱ्याला नेली. जीपमध्ये तिला एकच घोर. "सोमवारी धडा पुरा करते म्हणून सांगितलंय पोरास्नी. गुरवारी पेपर हाय त्यांचा."

"तू गप पड," मी म्हणालो. माझं शेवटचं बोलणं तेच. दीड महिना झाला, तेच कानात बसलंय.

रविवारी सकाळी गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

सोमवारी सकाळी शिकवणीची सातही पोरं आली. शिकायला नाही, भेटायला. मी त्यांना आत बसवलं आणि दार लावायला उठलो, तर सांगलीची तिची थोरली बहीण आडवी आली.

"आवं पाव्हणं, सुतकाच्या घराचं दार लावत्यात व्हय? माणसं याय लागल्यात!"

"थांबत्याल बाहेर. अर्ध्या तासाचं काम हाय."

फळ्या ओढल्या, कडी घातली. पोरांना म्हणालो, "सोमवारी पुरं करायचं बाईंनी वचन दिलं हुतं. उतरून घ्या."

एक पोरगी डोळं पुसत उठली, खडू घेतला. "आबा, ह्यो शब्द अर्धाच हाय. पुरा करू?"

"वहीत कर. दारावर ऱ्हाऊ दे."

बाहेर कुणीतरी कडी वाजवली. मी उठलो नाही. शेवटच्या पोराच्या मागं भिंतीला टेकून बसलो. बाईंचा तास चालू असताना मी आत, असं पहिल्यांदाच झालं.