मॅनेज

मालक म्हणाले, "मॅनेज करा ह्यांला." आणि माझ्या बापानं हात जोडले.

आम्ही त्यांच्या ओट्याखाली उभे होतो. चपला गेटबाहेर. मालक चहा पीत आपल्या माणसाशी बोलत होते, आमच्याकडं न बघता. गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं. बापाला वाटलं, माझ्या भावाच्या दवाखान्याचा खर्च बघणार. "लई उपकार झाले, मालक," तो म्हणाला. ओट्यावरचे सगळे हसले. तोही हसला. ते हसणं मला अजून सलतं.

आमची मेंढरं त्यांच्या रानात शिरली म्हणून मालकांच्या पुतण्यानं माझ्या भावाचा पाय लोखंडी पाइपनं मोडला होता. पाहणारी मी एकटी. वडवणीच्या ठाण्यात माझा जबाब व्हायचा होता.

मालक ओट्यावरून उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिकलेली पोर हायेस. आपल्या शाळंत नोकरीला लावून देतो तुला." हात तसाच. "वडवणीच्या बसनं एकलीच येती-जाती न्हवं?"

मी खांदा सोडवून मागं सरले.

मी त्याच बसनं बीडला ये-जा करून इंग्रजी घेऊन बीए करते. मॅनेज हा शब्द मुळात 'हात' या शब्दापासून निघाला, इटलीकडून इंग्रजीत आला, आणि आधी तो घोड्याला हाताखाली आणण्यासाठी वापरायचे, हे मॅडमनी शिकवलं होतं. पुढं त्याला सांभाळणं, कारभार हाकणं असे अर्थ चिकटले. आमच्याकडं आणखी एक चिकटला. तोंड बंद करणं. परीक्षेत घोड्याचं सगळं घोकून लिहिलं होतं मी. उमजलं त्या ओट्याखाली.

घरी बापानं विचारलं, "काहून गप हायेस? मॅनेज म्हंजी काय गं?"

सांगितलं. तो दाराशी बांधलेल्या घोडीकडं बघत बसला. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहणारी आमची घोडी. त्यानंच तिला शिकवलेली. आधी मानेवर हात. मग गुळाचा खडा. मग लगाम.

"म्या हात जोडले की गं त्यांला," तो म्हणाला. मला भयंकर राग आला.

आज सकाळपासून बिननंबरची जीप फाट्यावर उभी आहे. आतलं कुणी उतरत नाही. बाप म्हणतो, "दोन दिस जाऊ दे." मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण लगाम मी तोंडात घेणार नाही.

बस यायची वेळ झाली. त्याच बसनं जाणार, एकटीच. जबाबात पुतण्याचं नाव घालीन. मालकांचा तो शब्दही लिहून घ्यायला लावीन. अर्थासकट.