पप्पांचा सत्कार

आठवीतल्या मुलीला कॉलेज म्हणजे काय ते कळत नसतं, आणि कळायची गरजही नसते. पण पेणच्या त्या फाउंडेशन क्लासमध्ये पहिल्याच रविवारी आम्हाला सांगण्यात आलं, की आठवी हीच कॉलेजची पहिली पायरी, दहावीत जागे होणारे संपले. मग तीन टाळ्या. सरांना टाळ्यांचं वेडच होतं. कोणाला गणित सुटलं की तीन टाळ्या, कोणी कमी मार्क पडून रडलं की त्याच्या जिद्दीसाठी तीन टाळ्या. पुढच्या एसी खोलीत स्टार बॅच, मागच्या पंख्याच्या खोलीत बाकीचे. कोण कुठे बसणार ते सर ठरवायचे, आणि मनाला येईल तेव्हा बदलायचे. डबा एकत्र खाणाऱ्या मुली वह्या मात्र एकमेकींपासून लपवायच्या. मला त्या जागेची शिसारी यायची. अजूनही त्या गल्लीच्या तोंडाशी आले तरी तोंड कडू होतं.

आम्ही रोह्याला लागून वरसे गावात राहायचो. पप्पा कंपनीत ऑपरेटर, रंगाच्या प्लँटवर, तीन शिफ्टमध्ये. त्यांचं एकच म्हणणं होतं, "बाय, तू कॉलेजात जा. बाकी मी बघतो." म्हणून मी दर रविवारी सकाळच्या गाडीने पेणला जायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर पालकसभा झाली. पप्पा नाइट करून थेट आले, कपडे बदलायलाही वेळ नव्हता. डोळे लाल, मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेले. सरांची नजर त्या निळ्या युनिफॉर्मवर गेली आणि चेहरा खुलला. त्यांनी पप्पांना पुढे बोलावलं.

"काका, रात्री झोपलात का?"

"नाय सर, नाइट होती."

"जरा हात दाखवा मुलांना."

पप्पांनी हात पुढे केले. हातमोजे घातले तरी त्या कामात बोटांना पिवळे डाग पडतात, नखांच्या कडांना तर जास्तच. "बघा," सर म्हणाले, "आठवीत पुस्तक नीट धरलं नाही की हात असे होतात." तीन टाळ्या. सगळे आईबाप हसले. पप्पाही हसले.

परत येताना पप्पा खुशीत होते. एवढ्या लोकांत सरांनी आपल्यालाच पुढे बोलावलं, हे त्यांनी मम्मीला दोनदा सांगितलं. असलं बापाला कोणत्या तोंडाने समजावून सांगायचं?

नववीच्या सुरुवातीला सरांचा फोन आला. आठवीची नवी बॅच सुरू होतेय, कष्टकरी पालक म्हणून तुमचा सत्कार करायचाय, कंपनीचा ड्रेस घालूनच या. पप्पांची त्या रविवारी सुट्टी होती. मम्मीने युनिफॉर्म धुऊन कडक इस्त्री केली. सुट्टीच्या दिवशी कोणी हौसेने कंपनीचे कपडे घालतं का? शेजारच्या काकूंनी दारातून विचारलंच, "आज पन ड्युटी व्हय?"

"नाय गो, सत्कार हाय त्यांचा," मम्मी म्हणाली.

आणि सत्काराला जायचं म्हणून पप्पांनी आदले दोन दिवस लिंबू आणि दगड घेऊन हात घासले होते. कातडी लाल झाली होती, पण डाग जवळजवळ गेले होते. गाडीत ते मला भाषण म्हणून दाखवत होते. वेळेवर जेवा, गणिताला घाबरू नका, आईला उलटून बोलू नका. निडी गेलं, नागोठणं गेलं, तरी त्यांचं चालूच होतं.

शाल झाली, नारळ झाला. भाषणाचं दुसरं वाक्य सुरू होतंय तोवर सरांनी माइक काढून घेतला. "काका, हात दाखवा." पप्पांनी हात दाखवले. स्वच्छ हात. मुलं बघत राहिली, एक जण फिसकन हसला. सरांनी हसत हसत पप्पांच्या खांद्यावर थोपटलं आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी असे घासून येऊ नका. मुलांना दिसणार काय मग?" मी पहिल्या रांगेत होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

परतीच्या गाडीत पप्पा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. कासूला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मला हात बघायला बोलावतात व्हय गो?"

"व्हय," मी म्हणाले. मग दिवाळीपासून गिळलेलं सगळं ओकले. तो माणूस घाणेरडा आहे, तुम्ही परत तिथे पाय ठेवायचा नाही, मी क्लास सोडते, घरी अभ्यास करते. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "क्लास सोडायचा नाय," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी माझं नाव स्टार बॅचमधून मागच्या खोलीत गेलं होतं. टेस्टमध्ये मी दुसरी आले होते, तरी. सरांना कारण विचारलं तर म्हणाले, "ॲटिट्यूड." मी घरी येऊन दप्तर आपटलं. मला वाटलं, पप्पा आता फोन करून सरांना झाडतील. ते म्हणाले, "बघू." ते वर्ष मी पंख्याच्या खोलीत काढलं. सर तिथे फारसे फिरकायचेच नाहीत.

मी दहावीत गेले आणि सरांचा परत फोन आला. "येतो ना सर," पप्पा म्हणाले. मी खूप आदळआपट केली, पण त्यांनी ऐकलं नाही. "दहावीला तुला पुढची खोली पायजे," म्हणाले. मम्मीने युनिफॉर्मला इस्त्री केली. या वेळी लिंबू कोणी आणलं नाही.

हॉलमध्ये आठवीची नवी पोरं ताठ बसली होती. सरांनी पप्पांना शाल घातली, नारळ दिला, माइक स्वतःच्या तोंडाशी नेला. पप्पांनी नारळ खाली ठेवला आणि सरांनी सांगायच्या आधीच दोन्ही पिवळे हात मुलांना दिसतील असे वर केले.