हुद्दा मिळाला, जेवणाची सुट्टी गेली

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला पगार विचारला नाही, घर कुठे आहे तेही विचारलं नाही. बॅगेची चेन नीट लागलीय का ते ओढून बघितलं आणि म्हणाले, "तिथं जेवाची सुट्टी किती असते, बाई?" आई पदरानं डोळे पुसत होती, ती रडायचीच थांबली. "पोरगी परदेशात चालली अन् तुम्हाले सुट्टीची पडली!" मी आपलं ऐटीत सांगितलं, "बाबा, मी इंजिनिअर म्हणून चाललेय. आमच्यासाठी भोंगा नाही वाजत." बाबा "बरं" म्हणाले आणि ट्रॉली ढकलायला लागले.

बाबा कापडगिरणीत फिटर होते. आमच्या घराचं सगळं वेळापत्रक गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. शाळेत वर्ग चालू असतानाही दुपारचा भोंगा ऐकला की मला कळायचं, आता बाबांनी हात धुतले असतील. तो वेळ त्यांचा. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारलेली चालायची नाही, साहेबानं तर नाहीच नाही. आई वैतागायची, "जेवाची सुट्टी नाही, जसा सणच आहे यांचा!"

सिंगापूरला आल्यावर मी जुरोंगच्या बाजूला एका कारखान्यात रुजू झाले. तिथे इंजेक्शनच्या सिरिंज बनतात. नवऱ्यानं आणि मी चोआ चू कांगला भाड्यानं फ्लॅट घेतला, एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, प्रवास अंगवळणी पडला, लेक शाळेत जायला लागली आणि घरात मराठीला इंग्रजीत उत्तरं यायला लागली. काही वर्षांनी मी मॅनेजर झाले. बाबांनी वस्तीत पेढे वाटले, विहारात जाऊन सगळ्यांना सांगितलं. "आमची पोरगी साहेब झाली," हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. मलाही फोनवर ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

तुमच्यापैकी जे असेच घर सोडून आलात, त्यांना पुढचं सांगायला नको. हुद्दा वाढला की डबा उघडायचा राहून जातो. रॅफल्स प्लेसच्या बँकांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी कॉल म्यूट करून सँडविच खातात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार कमी, तोरा जास्त असतो. माझंही तेच. आमच्या लाइनवरच्या टेक्निशियन बायका वेळ झाली की मशीनवर बदली माणूस उभा करून कॅन्टीनला जायच्या. मी काचेच्या केबिनमधून बघायची आणि मेल लिहीत बसायची.

गेल्या वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले. आई आता नाही, त्यामुळे एकटेच आले. मी सकाळी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी तो तसाच ओट्यावर ठेवायची. काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग एकदा झाकण उघडून म्हणाले, "काहून वं? डबा जसाच्या तसा घेऊन येऊन राहिली. कंपनी जेवू देत नाही का तुले?" लेक सोफ्यावरून इथल्या ढंगात ओरडली, "आजोबा, ममा ऑलवेज लाइक दॅट, लाह!"

मी त्यांना समजावून सांगितलं. इथल्या कायद्यात कामगाराकडून सलग सहा तासांच्या वर काम करून घ्यायचं तर मध्ये सुट्टी द्यावीच लागते. पण तो नियम मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह लोकांना लागू नाही. आमचं आम्ही बघायचं.

"म्हणजे तू साहेब झाली अन् जेवण गेलं?" बाबा खो खो हसले. "अन् मी बावळट, त्याचेच पेढे वाटले!"

हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच आठवड्यात कारखान्यात नवं प्रकरण निघालं. मोठी ऑर्डर आली होती आणि सुट्टीच्या वेळी बदली माणसं पुरत नव्हती. आमच्या प्लांट मॅनेजरनं तोडगा काढला: अनुभवी टेक्निशियन बायकांना एक्झिक्युटिव्ह करायचं. नवं पदनाम, नवं व्हिजिटिंग कार्ड, काम मात्र तेच, त्याच मशीनवर. मग सुट्टीचं बंधन राहत नाही. नुसतं नाव बदलून मात्र भागत नाही, काम खरोखर त्या दर्जाचं असावं लागतं. तेव्हा या बायका स्वतः निर्णय घेतात, इतरांवर देखरेख करतात, असं मी लेखी द्यायचं होतं. त्या यातलं काही करत नव्हत्या. मी घुटमळले तसा तो सहज म्हणाला, "तुझा पासही आता रिन्यूअलला आलाय ना?" बाई गं! इथे कंपनीनं काढून दिलेला कामाचा पास म्हणजे आपलं घर, लेकीची शाळा, सगळंच.

त्यात बढतीची बातमी लाइनवर पोचली होती आणि सितीचा आनंद बघून जीव तुटत होता. सिती म्हणजे माझ्या लाइनवरची सगळ्यात जुनी टेक्निशियन, मलाय बाई, माझ्याहून मोठी. ती केबिनमध्ये येऊन म्हणाली, "मॅडम, माय मदर सो हॅपी. टेलिंग एव्हरीबडी." तिच्या आईनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर बाबा आणि पेढ्यांचा पुडा उभा राहिला.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, जुना युनियनवाला माणूस, आता भाषण ठोकणार. पण ते म्हणाले, "मी गिरणीत लागलो तवा आपल्या लोकांची पंगत येगळी बसे. नळाच्या पल्याड. पाणी वरून ओतत. एका गोलात बसाले लय वर्षं लागली. त्या सुट्टीत मी भाकर खाल्ली तेवढंच नाही, मी माणसात बसलो." मग म्हणाले, "तू काय लिहायचं ते तू ठरव. पास तुया आहे, पोरगी तुयी आहे. पण त्या बाईले अगोदर सांग तिचं काय जाऊन राहिलं ते."

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मी कॅन्टीनला जाऊन सितीसमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मॅडम वुड नॉट से लाइक दिस इफ मॅडम वॉन्टेड मी टू गो अप," ती म्हणाली. मी म्हटलं, वर जाणं वेगळं आणि हे वेगळं. तिनं डब्याचं झाकण लावलं. "देन व्हॉट आय टेल माय मदर?" ती उठून गेली आणि मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका.

त्या संध्याकाळी मी खरं तेच लिहून दिलं: या बायका टेक्निशियनचं काम करतात आणि लाइनला बदली माणसं हवी आहेत. प्लांट मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. पासचा निर्णय येईपर्यंत मी धड झोपले नाही. नवऱ्यानं नागपूरला परतायची वेळ आली तर काय, याची चर्चासुद्धा करून ठेवली. शेवटी पास वाढला, बदली माणसं आली, सुट्टी टिकली. बाबा तोवर नागपूरला परत गेले होते. सिती मात्र माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्या आईचा आनंद हिरावला होता, मग तो कसल्याही कार्डाचा का असेना.

इथे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये जागा धरायची एक पद्धत आहे. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल जेवण आणायला जायचं. त्या जागेवर कुणी बसत नाही. मागच्या महिन्यात एका दुपारी सिती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, कम. फूड गेटिंग कोल्ड." मी मेल अर्धवट सोडून डबा उचलला आणि तिच्यामागे गेले. कॅन्टीनमध्ये त्या सगळ्या बायका एका टेबलाभोवती बसल्या होत्या आणि एका रिकाम्या खुर्चीसमोर टिशूचं पाकीट होतं. सितीनं ते उचलून खिशात टाकलं आणि म्हणाली, "सिट, लाह." मी बसले. माझी मेथीची भाजी फिरली, तिचं मिरचीचं सांबल माझ्या पोळीवर आलं, नाकातोंडातून पाणी आलं आणि सगळ्या माझ्यावर हसल्या. त्या पाण्यात थोडं रडूही होतं, पण तिखटावर खपून गेलं.

नागपूर माझं घर आहेच, ते कोण नाकारतंय? पण इतकी वर्षं या शहरात मी फ्लॅट, पास, पगार सगळं मिळवूनही पाहुणीच होते, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, आज मी वेळेवर जेवले."

काय जेवले ते त्यांनी विचारलंच नाही.

"कोणासंग?" म्हणाले.

मी एकेकीचं नाव सांगत गेले आणि बाबा ऐकत राहिले.