दोऱ्यानं मोजलेला चीन

चीनचा भूगोल मी सतरा वर्षं शिकवला आणि एकाही विद्यार्थ्याची तक्रार आली नाही. कारण त्यांच्यापैकी कोणालाच चीनला जायचं नव्हतं.

जायचं होतं ते माझ्या सासऱ्यांना.

नागपुरात रंगीत टीव्ही नुकते आले होते, त्या दिवसांतली गोष्ट. मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) भिवापूरचे मिरची पिकवणारे शेतकरी. भिवापूरची मिरची म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्यानं ती एकदा खावी आणि मग पुढचं वाचावं. तोवर आम्ही थांबतो. तर मिरचीवाल्या दहा शेतकऱ्यांचं एक पथक चीन पाहायला निघालं आणि त्यात मामाजींची निवड झाली! त्यांनी भिवापुरात पेढे वाटले, मी इकडे नागपुरात, आमच्या नंदनवन वस्तीत वाटले. पेढेवाल्यानं विचारलं, "सर, मुलगा झाला का?" मी म्हणालो, "सासरे चीनला चालले!" त्यानं पुडा बांधायचं सोडून माझा हात हातात घेतला.

दौऱ्याचे शेवटचे चार दिवस मोकळे होते. त्या चार दिवसांत कुठं जाणार, कसे जाणार, कधी परत येणार, हे प्रत्येकानं सोमवारी बाराच्या आत नागपूरच्या कृषी कचेरीत लेखी द्यायचं होतं. जो देणार नाही त्याला इतरांबरोबर ती प्रसिद्ध भिंत पाहायला नेणार होते.

"भिंत पाहाले मी इतक्या दूर कायले जाऊ?" मामाजी आमच्या ओसरीवर बसून म्हणाले. "मले तिकडं खाली जाचं हाय. थे ग्वीचौ प्रांत हाय ना, तिथं. कृषी अधिकारी सांगत होता, तिथले लोक सकाळच्या न्याहारीलेही मिरची खातात म्हनते. कोनी तिकडं जात नाई म्हने. मी जातो!" मग वही-पेन्सिल माझ्याकडं सरकवत ते म्हणाले, "जवाईबापू, तुमी मले चार दिवसांचा बेत आखून द्या. तुमचा भूगोल हाय ना?"

हे वाक्य ऐकायला मी तेरा वर्षं थांबलो होतो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामाजींनी विचारलं होतं, "मास्तर कायचे?" मी म्हणालो, "भूगोलाचा." "गणित नाई?" "नाही." "इंग्रजी?" "नाही." "बरं, पोहे घ्या," ते म्हणाले. तेव्हापासून दर भेटीत एकच चौकशी: "काय मास्तर, गंगा हाय ना अजून तिथंच?" असा माणूस आज माझ्यापुढं वही-पेन्सिल ठेवत होता! माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण मी स्वतःच काढून ठेवलं.

शाळेतून चीनचा भिंतीवरचा नकाशा आणला. (मुख्याध्यापक म्हणाले, "परत आणाल ना?" मी म्हणालो, "नकाशा जात नाही, सासरे जाताहेत.") माझ्या बायकोच्या, सुमनच्या, शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, टाचण्या घेतल्या आणि आम्ही शाळेत शिकवतो त्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं अंतरं मोजली. या गावाला टाचणी, त्या गावाला टाचणी, मधे दोरा ताणायचा, मग तो पट्टीवर ठेवायचा. इतके इंच म्हणजे इतके मैल. बस तासाला पंचवीस मैल जाते, म्हणजे इतके तास. चहासाठी वरून दहा मिनिटं!

चार दिवसांत मी सात ठिकाणं बसवली. मोठा धबधबा, दोन गुहा, डोंगरातली तीन खेडी आणि मिरचीचा बाजार. 'दुपारी एक ते एक वीस: भोजन' असे रकाने पाडले, लाल शाईनं समास आखला. मामाजींनी कागद तीनदा वाचला आणि म्हणाले, "रेल्वेच्या टायमटेबलपेक्षा चांगलं दिसून राहिलं!"

तेवढ्यात सुमन कणकेच्या हातानं येऊन नकाशासमोर उभी राहिली.

"अहो, हे तपकिरी काय आहे?"

"पर्वत."

"मग दोरा त्याच्यावरून कसा गेला?"

"दोरा सरळच जातो!"

"आणि बस?"

मी तिच्याकडं दयेनं पाहिलं. बायकांना नकाशातलं प्रमाण कळत नाही, असं काहीतरी बोललो. (हे मी बोललो! तेही जिच्या हातात लाटणं येणार होतं तिला!) सुमन हसून आत गेली. ती हसली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मामाजी मात्र विचारात पडले. "मास्तर, आमी पेरनी करन्याच्या आधी मूठभर बियानं ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. उगवलं तं वावरात टाकतो. तुमचा हा बेतही मूठभर पेरून पाहू. उद्या रविवार हाय. मले महादेवाकडं न्या. पचमढीले. थोही डोंगरच हाय."

"एका दिवसात नेऊन आणतो!" मी म्हणालो. लगेच दोरा ताणला. नागपूर ते पचमढी, चार तास दहा मिनिटं. सकाळी सहाला निघायचं, सव्वादहाला पचमढी, तीन वाजेपर्यंत डोंगर पाहायचे, सात-साडेसातला घरी वरणभात. सुमनला मी दोन वाट्या तांदूळ जास्त टाकायला सांगितला. ती म्हणाली, "मी घरीच राहते. सोमवारी कोणीतरी घरी असलेलं बरं."

"आम्ही रविवारीच परत येतोय!"

"हो का," ती म्हणाली.

सकाळी मामाजी घरातून निघाले ते काखेत जाडजूड चादर, हातात भाकरींचं गाठोडं आणि डब्यात ठेचा घेऊन. मी हसलो. "मामाजी, दिवसाच्या प्रवासाला चादर?"

"राहू द्या. म्हाताऱ्याची सवय हाय."

छिंदवाड्याला पोहोचायलाच साडेदहा वाजले. माझ्या बेताप्रमाणे आम्ही यावेळी पचमढीत दुसरा चहा पीत होतो. मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. "पचमढी की गाड़ी?"

"सीधी गाड़ी नहीं है, भैया. पहले तामिया जाओ. वहाँ से पूछना."

"किती वेळ लागेल?"

त्यानं माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि खिडकी लावून घेतली.

तामियाची बस दीड तासानं सुटली. ती घाटात शिरली आणि मग जे वळायला लागली ते वळतच राहिली. पुढं गेली की मागं आल्यासारखी, वर गेली की खाली उतरल्यासारखी. एक पिंपळ आम्हाला तीन बाजूंनी दिसला. मामाजी शांतपणे भाकरी-ठेचा खात होते. मी मात्र दर वळणाला मनातल्या मनात दोऱ्याची लांबी वाढवत होतो आणि चीनमधलं एकेक ठिकाण खोडत होतो. पहिली गुहा गेली. दुसरी गुहा गेली, मग तिन्ही खेडी आणि बाजारही. तामिया आलं तेव्हा तीन वाजले होते आणि माझ्याकडं फक्त धबधबा उरला होता.

पुढची गाडी? उद्या सकाळी. परतीची? तीही उद्या सकाळीच!

गावाच्या टोकाला कडा होता. तिथून समोर महादेवाचे डोंगर स्वच्छ दिसत होते, हात लांबवला तर लागतील असे. मधे एवढी खोल दरी.

"मास्तर, थे काय दिसून राहिलं?"

"पचमढीचे डोंगर."

"किती दूर?"

"पाऊण इंच," माझ्या तोंडून गेलं.

"मंग चाला ना बाप्पा दोऱ्यावरून!"

मी खाली बसलो. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. उद्या बारा वाजता कागद द्यायचा होता, आणि मी त्या माणसाला घेऊन इथं अडकलो होतो. त्यांचं ग्वीचौ गेलं. आता ते भिंत पाहणार होते, आणि तीही माझ्यामुळं! आणि कागद वेळेवर दिला असता तर? मग ते चीनमध्ये असेच कुठल्यातरी कड्यावर उभे राहिले असते आणि विमान निघून गेलं असतं!

मामाजी चादर पसरून शेजारी बसले. "तरुनपनी मी या रस्त्यानं महादेवाच्या जत्रेले आलो होतो, खांद्यावर त्रिशूल घेऊन. पायी. इथून तिथं जाले दोन दिवस लागले होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी किंचाळलो. "मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी मास्तर. मले वाटलं, एखांदा नवा रस्ता सापडला असन."

ते चेष्टा करत होते की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

सोमवारी दुपारी तीन वाजता आम्ही नंदनवनात पोहोचलो. वाटेत मामाजी खिडकीबाहेरचे पिंपळ मोजत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सुमननं दार उघडलं, आम्हा दोघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "दिला कागद. साडेअकराला."

"कोणता कागद?" मी आणि मामाजी एकदम म्हणालो.

"शनिवारीच लिहून ठेवला होता. चार दिवसांत एकच गाव, मिरचीच्या बाजाराचं. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, तिथं एक दिवस. रस्ता तिथल्या माणसांना विचारून. सही मीच केली, बाबा. तुमची सही मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून येते."

मामाजी पायरीवरच बसले. "तुले कसं कयलं वं, सुमे? एवढा भूगोल तू कुठी शिकली?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी चपलेचा अंगठा न्याहाळत होतो.

"यांच्याकडूनच की. तपकिरी म्हणजे पर्वत, हे यांनीच सांगितलं."

मामाजी माझ्याकडं वळले. "वा, मास्तर!" त्या क्षणी मला बायकोचा इतका अभिमान वाटला की मी स्वतः जाऊन चहा ठेवला. (साखर कुठं असते हे तिलाच विचारलं, ते सोडा.)

मामाजी चीनला गेले. ग्वीचौला गेले. आणि विमानाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी, ठरल्या जागी हजर झाले! भिवापुरात त्यांचा मोठा सत्कार झाला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हा जावयाला पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी बसवलं होतं. मी नवा सदरा घातला होता, सगळी बटणं लावून.

"तिथली मिरची कशी हाय, भाऊ?" कोणीतरी मागून ओरडलं.

मामाजी माइकसमोर आले. "खोटं नाई सांगत. खाल्ली, अन् डोयातून पानी आलं."

भिवापूरची इज्जत पणाला लागली होती!

"आपल्या मिरचीची आठवन आली म्हनून आलं!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. शेजारचे पाहुणे उठून उभे राहिले. मग मामाजींनी हात वर केला.

"अजून एक. तिथं घाटात दरड कोसळली, मोटार सहा तास थांबली. माह्यासंगं आलेले पथकातले दोघं घाबरले, दुभाष्याही घाबरला. मी घाबरलो नाई. मी एक दिवस आधीच निघालो होतो. काहून? कारन माह्या जवायानं मले घरीच शिकवून पाठवलं होतं. असं शिक्षन साऱ्या चीनमधे कोनाले भेटलं नाई. आमचे मास्तर पहिल्या रांगेत बसून राहिले, पाहून घ्या!"

मंडपात पुन्हा कडकडाट झाला, आधीपेक्षा जोरात. माझा ऊर भरून आला. तेरा वर्षांचं सार्थक झालं होतं! मी उठलो, वळलो, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या भिवापूरला वाकून नमस्कार केला. कडकडाट आणखी वाढला. मी पुन्हा नमस्कार केला.

मागच्या रांगेतून सुमननं माझा सदरा ओढला.

"अहो, बसा खाली. बाबांनी तामियाची गोष्ट कालच गावभर सांगितलीय. ते हसताहेत."