समुद्रमंत्र्याची मुलगी

बू-रेगरेग नदीच्या अलीकडे आमचं सले, पलीकडे राजधानी रबात, आणि मध्ये बूश्ताची होडी. तीस वर्षं तो माणसं इकडून तिकडे नेत होता, पण त्याला नावानं हाक मारणारी एक त्याची बायको तेवढी. बाकी सगळा धक्का त्याला 'समुद्रमंत्री' म्हणे.

हे बारसं केलं सी अल्लालनी. परराष्ट्र खात्यातले हे जाडजूड कारकून रोज सकाळी होडीत बसले की होडी एका अंगाला कलायची. एकदा ते म्हणाले, "बूश्ता, आमच्या साहेबाच्या खुर्चीचं जुनं नाव ठाऊक आहे का तुला? समुद्रमंत्री. पूर्वी परका माणूस यायचा तो समुद्रावरूनच. म्हणून सुलतानातर्फे परक्यांशी बोलायचा तो समुद्रमंत्री. आताचे मंत्री विमानानं फिरतात. पाण्यावर उरलेला मंत्री तू एकटाच." होडीत हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुसरा कोणी चिडला असता. बूश्तानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्याचे कान तिखट होते. त्याला त्या खुर्चीचाच नाद लागला. तिच्यावर कोण बसलं, कोणामागून कोण आलं, हे तो कारकुनांना खोदून खोदून विचारी आणि नावं वल्ह्याच्या ठेक्यात घोकी. एका वल्ह्याला एक मंत्री. मंत्री बदलला की त्याला वर्तमानपत्राच्या आधी कळे, कारण त्या आठवड्यात झाडून सगळे कारकून इस्त्रीचे कपडे घालून येत. घरी त्याची बायको रहमा कपाळाला हात लावी. "छत गळतंय, आणि ह्यांना मंत्र्यांची काळजी."

मुलगी तुरिया मात्र शिकली आणि रबातच्या एका शाळेत शिक्षिका झाली. तिथल्याच अब्देलहक नावाच्या मास्तराशी तिचं मन जुळलं. मुलगा लाखात एक, पण घराणं जुनं रबाती. आणि आमच्याकडे म्हणतातच, नदीचं दूध झालं, वाळूचे मनुके झाले, तरी रबातवाल्याचं सलेवाल्याशी जमायचं नाही. त्या घरात शब्द चाले तो आजीचा, लल्ला कंझाचा; लल्ला म्हणजे बाईसाहेब. मुलगी सलेची म्हणताच म्हातारीनं नाक मुरडलं. तरी तिनं चौकशी केली, तीही हमामखान्यात, कारण खरी बातमी तिथेच मिळते हा तिचा विश्वास. अंग चोळणारी बाई सहज बोलून गेली, "तुरिया ना? समुद्रमंत्र्याची मुलगी ती."

धक्क्यावरची थट्टा म्हातारीला काय ठाऊक? तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला सुलतानाचा दरबार. मोठं घराणं, दिवस फिरले असतील, पण रक्त तर तेच ना. असा घोटाळा आमच्या ह्या दोन गावांतच होऊ जाणे. "आधी नाही का सांगायचं, गाढवा?" असं नातवाला झापून ती शुक्रवारी मागणी घालायला निघाली.

आदल्या दिवशी अब्देलहक होडीत येऊन बसला. "काका, आजीला जे वाटतंय ते वाटू द्या. खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त खरं सांगू नका."

"दोन्हीत फरक काय रे?"

"माझ्या लग्नाएवढा."

बूश्ता घरी आला. तुरिया उद्याचा जरीचा पायघोळ कफ्तान झटकत होती. त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"बा, एक दिवस गप्प राहशील? एकच दिवस."

ती रागानं बोलली असती तर त्याला चाललं असतं. ती खाली मान घालून बोलली, आणि तेच त्याला झोंबलं. त्यानं मान हलवली.

शुक्रवारी दुपारी लल्ला कंझा नातवाला घेऊन टॅक्सीनं पुलावरून आली. साखरेचे सुळके, दूध, खजूर, सगळं रीतीप्रमाणे. पुदिन्याचा चहा झाला, बदामाच्या करंज्या झाल्या. मग म्हातारीनं खडा टाकला. "काय हो, तुमच्या त्या खुर्चीचा इतिहास तरी आठवतो, की तोही विकून खाल्लात?"

गप्प राहायचं ठरवलेल्या बूश्ताला राहवलं नाही. तो सुरू झाला. तांज्याच्या बंदरात सुलतानाचा नायब कसा बसे आणि परदेशी राजदूतांना दारातच कसा थोपवी, ते त्यानं सांगितलं. मग एकोणीसशे बारा साली फ्रेंच आले आणि त्यांचाच मुख्य अधिकारी सुलतानाचा परराष्ट्रमंत्री होऊन बसला. "चव्वेचाळीस वर्षं, लल्ला. ज्याच्यापासून घर राखायचं, त्याच्याच हाती किल्ल्या." मग छप्पन साली स्वातंत्र्य आलं, आणि तिथून पुढची नावं त्यानं अशी ठेक्यात म्हटली की म्हातारी डोलायला लागली.

"रक्त बोलतंय," ती नातवाला म्हणाली. "पुस्तकं वाचून असं येत नाही." आणि तिनं कुराणातली फातिहा म्हणायला हात पसरले. ती एकदा म्हटली की सोयरीक पक्की.

सगळ्यांनी तळहात वर केले. बूश्तानंही केले, आणि त्याची नजर आपल्याच तळव्यांवर गेली.

"लल्ला, थांबा. हे घट्टे बघा. मी नावाडी आहे. समुद्रमंत्री हे धक्क्यावरचं चिडवायचं नाव. आमचं घराणं वगैरे काही नाही."

रहमानं डोळे मिटून घेतले. तुरियाचं तोंड पांढरं पडलं.

"मग सांगितलंस कशाला?" म्हातारी कडाडली. "गप्प बसला असतास तर मी सुखानं मेले असते."

"पणतवंडांना तुम्ही तेच सांगितलं असतंत. त्या यादीत आजवर मी एक नाव चुकू दिलं नाही. माझंच कसं घुसवू? तेही देवाचं नाव घेऊन?"

"आजी, मला ठाऊक होतं," अब्देलहक पुटपुटला.

"तुझ्याकडे नंतर बघते." लल्ला कंझानं समोरचे खजूर बाजूला सारले. मग काठी टेकून उठली. "फातिहा इथे म्हटली तर सले मला हसेल. घरी जाऊन म्हटली तर रबात हसेल. होडी कुठे आहे तुझी?"

सगळ्यांना घेऊन होडी नदीच्या मध्यावर आली तेव्हा ओहोटी लागली होती. "इथेच," म्हातारी म्हणाली आणि तिनं पुन्हा हात पसरले. बूश्ता घुटमळला. वल्ही सोडली तर होडी समुद्राकडे ओढली जाणार, आणि न सोडावीत तर हात कसे पसरायचे?

तुरिया उठली. तिनं जरीच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि आजेसासूच्या गुडघ्यांना वळसा घालून बापाशेजारी येऊन बसली. बाजूच्या होड्यांतून रबातची माणसं बघत होती. तिच्या शाळेतल्या दोघी-तिघी त्यात होत्या.

"हात मोकळे कर, बा," ती म्हणाली. "वल्ही मी धरते."