जीभ आत!

माझ्या मामाला अख्खा बाजार ‘हनुवटी’ म्हणतो. त्याचा पासपोर्ट फोटोंचा इवलासा स्टुडिओ आहे. एक स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे. समोर कोणीही बसो, मामाचं एकच, "हनुवटी जरा खाली... बस्स!" मी लहानपणापासून तिथेच पडीक. त्याच्या डावीकडे उभं राहून मी गिऱ्हाइकाला जीभ दाखवायची, म्हणजे ताठलेला चेहरा सैल पडतो. आणि मामा समोरची नजर न हलवता ओरडायचा, "जीभ आत!"

गेल्या वर्षी हे ओरडणं बंद झालं. मला वाटलं, कंटाळला असेल. मग त्याने शाळेच्या एका वर्गाचा फोटो काढला, त्यात दोन्ही टोकांची मुलं अर्धी कापली गेली. दाराला खांदे आपटायला लागले. डोकं दुखायचं. अंगठी तर सोनाराकडून कापून काढावी लागली. मामी म्हणायची, "अहो, अंगठीचं सोडा, खाण्यावर ताबा ठेवा, फुगलायत नुसते!"

चष्मा बदलायला म्हणून मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. दोन्ही बाजूंचं त्याला दिसतच नव्हतं! त्या डॉक्टरने आम्हाला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मामाचा चेहरा निरखला आणि विचारलं, "जुने फोटो आहेत?"

"फोटो? कुणाला विचारताय!" मी म्हणाले. मामा दरवर्षी दिवे तपासायला त्याच स्टुलावर स्वतःचा फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी मामीलाही घेऊन गेलो आणि दहा वर्षांचे दहा फोटो डॉक्टरांच्या टेबलावर मांडले. डॉक्टर गोंधळले. "यात तर काहीच बदल नाही."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "मामा, तू हे कॉम्प्युटरवर साफ केलेस ना?"

"थोडेसे. नाक पसरट येत होतं. लेन्सचा दोष."

"आणि हनुवटी?"

"तीही लेन्स."

अरे देवा! मी स्कूटी घेऊन दुकानात सुसाट, कॉम्प्युटरमधून हात न लावलेले मूळ फोटो काढले आणि तशीच परत. ते रांगेत ठेवले तर नाक, जबडा, भुवया, दातांतल्या फटी, सगळं वर्षागणिक वाढत गेलेलं. मामी हळूच रडायला लागली. "मी रोज बघत होते हो."

"रोज बघणाऱ्यालाच कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या खाली पिट्युइटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, शरीरभर हार्मोन्सचे हुकूम सोडणारी. तिच्यावर गाठ होती. कॅन्सर नव्हे, या गाठी सहसा तशा नसतातच. पण ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडत होती, म्हणून हात, पाय, चेहरा रुंदावले. डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी वरून जातात, त्या दाबल्या गेल्या, म्हणून बाजूचं दिसेना.

"नाकातून दुर्बीण घालून काढू," सर्जन म्हणाले.

"बरं झालं नाक मोठं झालंय," मामा म्हणाला. मी हसले आणि लगेच भोकाड पसरलं. मग त्याने खाली बघत विचारलं, "नजर येईल ना परत? मला दुसरं काही येत नाही हो."

"बऱ्याच जणांची सुधारते. शब्द नाही देत. गाठ थोडी उरली तर इंजेक्शनं, कधी रेडिएशन. सूज उतरेल, वाढलेली हाडं मात्र तशीच राहतील."

ऑपरेशनला तीन तास लागले. नंतर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी, दोन्ही नर्स मोजून लिहायची. मामा म्हणाला, "एवढं लक्ष तर तुझ्या मामीनेही दिलं नव्हतं."

दोन महिन्यांनी स्टुडिओ उघडला. स्टुलावर एक मास्तर बसले, मामाने त्यांना हनुवटी खाली घ्यायला लावली. मी डावीकडे उभी राहिले. जीभ काढली. काहीच नाही. मामा दिवा सरकवत होता. परत काढली, पार हनुवटीपर्यंत.

"जीभ आत!"

मी त्याला मिठीच मारली. मामा म्हणे, "अगं नाक, नाक सांभाळ माझं!" दोघेही रडतोय, हसतोय, दिवा पडता पडता वाचला.

मास्तरांनी शेवटी विचारलं, "अहो, हनुवटी अजून खालीच ठेवू का?"