लाल चिंधीचा दुधी

चारकोपच्या आमच्या शाळेत दर शनिवारी शेतीचा वर्ग असायचा, पण तो शाळेत भरायचा नाही. होडीने खाडी ओलांडून आम्ही गोराईला जायचो, एका ख्रिस्ती मावशीच्या वाडीत. एका बांधावर आम्ही पोरं, समोरच्या बांधावर गावातले शेतकरी. शेतीच्या बाई दोघांना एकत्रच शिकवायच्या. कीड कशी ओळखायची, खत कधी घालायचं. शेतकरी मध्येच बाईंशी वाद घालायचे आणि आम्हाला कळायचं, मोठ्या माणसांनाही शिकावं लागतं. असा वर्ग मला पुन्हा कुठे भेटला नाही.

वेलावरच्या सगळ्यात चांगल्या दुधीला मावशी लाल चिंधी बांधायची. तो बियाण्याचा. वेलावरच वाळायचा. मी हात लावला की म्हणायची, "तो पुढच्या वर्षीच्या पोरांचा गं. तू काकडी खा."

मग शाळेने वर्ग बंद केला. म्हणे, होडीत धोका आहे. खाडीपलीकडे आजही शेती आहे, अलीकडे शाळेत पोरं आहेत. मधला शनिवार तेवढा काढून घेतला.

मोठी झाल्यावर तो वर्ग परत सुरू व्हावा म्हणून मी पत्रकं काढली, शाळेच्या दारात बसले. मागितली वाडी, मिळाली शाळेची गच्ची आणि कुंड्या. घेतली. थकलेली मावशी जिने चढून आली, शिकवायला. सोबत तिच्या दुधीचं बी, होतं नव्हतं तेवढं सगळं. वाडीत आता तिच्याच्याने वेल होत नाही.

वेल मांडवावर चढला, दुधी धरले, मावशीने एकाला चिंधी बांधली. तेवढ्यात शाळेने उद्घाटनाचा घाट घातला. पाहुणे आले. कुणीतरी ताटातली कात्री पुढे केली. फीत बांधायची राहिलीच होती. पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांना लाल चिंधी दिसली आणि त्यांनी ती कापली. पाठोपाठ देठही कापला. दुधी उंच धरून फोटो, टाळ्या. कोवळा दुधी तो, आत बी धरलेलंसुद्धा नाही.

मी बोलायला उठले. मावशीने माझी ओढणी खेचली.

"बस गं. पावण्याला काय ठाऊक?"

"अगं, बी गेलं तुझं."

"भाजी तरी करू दे त्याला. चांगली लागंल."

सगळे समोशांकडे गेल्यावर ती उठली. चिंधीचे तुकडे वेचले, त्यांना गाठ मारली आणि पानाआडच्या एका बारक्या दुधीला ती बांधली.

"आता हाच. पण दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालंल?"

खरी मेख तिथेच आहे. सुट्टी लागली की गच्चीला कुलूप. म्हणजे पोरांनी पेरायचं, फोटो काढायचा, आणि बी तयार व्हायच्या आत वेल वाळवून टाकायचा. याला शेतीचं शिक्षण म्हणायचं?

माझ्या पत्रकात वाडी, होडी, बाई, शनिवार अशा लांबलचक मागण्या असायच्या. त्या सगळ्या मला अजून हव्या आहेत. शनिवार तर फारच. पण सुट्टी लागली त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात मी फक्त गच्चीची किल्ली मागितली.

"मॅडम, सुट्टीत वर काय करणार तुम्ही?" क्लार्क म्हणाला.

"एका वेलाला पाणी घालणार."

"किल्ली देता येत नाही."

मी बाकावर बसले. बादली घरूनच आणली होती, ती पायाशी ठेवली.